मागावरचे हात

नागोजीनं दाराशी बसल्या बसल्या खोकला काढला आणि सोप्यातला माग गपकन थांबला.

जयाबाईनं पावड्यांवरचे पाय काढून घेतले, मागाच्या खड्ड्यातून वर आली आणि खोचलेला पदर सोडत सैपाकघरात गेली. नागोजीनं सूत गुंडाळायच्या रहाटावरची अर्धी भरलेली कांडी तशीच सोडली, तिच्या जागेवर जाऊन बसला आणि फणीवर हात ठेवला. जागा अजून उबदार होती. बाहेर स्कूटर बंद होईपर्यंत घर कसं जागच्या जागी लागलं होतं, पुरुष मागावर आणि बाई चुलीपुढं.

वडगावातल्या त्या गल्लीला ही अदलाबदल ठाऊक होती, पण गल्ली त्यावर बोलत नव्हती. त्यांची मुलगी तेजस्वी शाळेत होती तेव्हा नागोजी येळ्ळूरच्या रस्त्यावर सायकलवरून पडला होता. पाय प्लास्टरात, मागावर कुणाच्या तरी लग्नाची साडी अर्धी, आणि व्यापारी दारात. कांड्या भरता भरता नवऱ्याचं विणणं बघून जेवढं उचललं होतं, तेवढ्यावर जयाबाई मागावर बसली. साडी घेऊन जाताना व्यापारी म्हणाला, “नागोजी, आत्ता कुठं हात बसला बघ तुझा.” पाय बरा झाल्यावर नागोजी पुन्हा विणायला बसला, तर तोच व्यापारी कापड चाचपून म्हणाला, “हे दुसऱ्या कुणाकडनं करून घेतलास काय रं?”

त्यानंतर कुणी काही ठरवलं नाही. जयाबाई मागावर राहिली आणि नागोजी रहाटाशी. खरं सांगायचं तर त्याला ते काम आवडलंही. दाराशी उजेडात बसून कांड्या भरायच्या, येणारा-जाणारा बघायचा, मध्येच उठून भात उतरवायचा. आमटी तर त्याची जयाबाईपेक्षा सरस व्हायची. हे खुद्द जयाबाई सांगायची, अर्थात दार लावून.

पण पिरनवाडीहून त्याचे वडील यायचे. जुन्या वळणाचा माणूस. मुलाला रहाट फिरवताना बघितलं असतं, तर ‘हातात बांगड्या भरल्यास काय’ म्हणायला त्यांनी कमी केलं नसतं. म्हणून ते आले की जयाबाई आपणहून उठायची आणि नागोजी आपणहून बसायचा. पुढं वडील वारले, रीत मात्र मागं राहिली. पाहुणा असो, व्यापारी असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, नागोजीला खोकला यायचाच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज दारात तेजस्वीच होती. तिच्यामागं तिच्या जाहिरातींच्या स्टुडिओतला ऋग्वेद आत आला, टिळकवाडीतला, पायातले बूट काढताना भिंतीला हात न टेकणारा मुलगा. कुणीतरी हात लावल्याशिवाय रहाट लगेच थांबत नसतो. तो अजून आपला आपणच फिरत होता. तेजस्वीनं जाता जाता त्यावर तळवा ठेवून तो थांबवला.

“हे माझे बाबा,” ती ऋग्वेदला म्हणाली. “विणकर.”

चिकोडीतल्या एका साड्यांच्या दुकानाची जाहिरात करायची होती. केबलवर लागणार होती, लोकांच्या मोबाइलवर जाणार होती. तेजस्वीनं एकटीनं लिहिलेली ही पहिलीच जाहिरात. दुकानाच्या मालकांना आवडली, तर तिची नोकरी कायम होणार होती. घरातच माग असताना बाहेर कशाला जायचं, असं तीच म्हणाली होती. ऋग्वेदनं सोप्यातल्या उजेडाचे फोटो काढले आणि गोष्ट सांगितली. नवरा विणतोय. बायको चहा घेऊन येते, कौतुकानं बघत उभी राहते, पदरानं त्याचा घाम टिपते. शेवटी तो ती साडी तिच्या खांद्यावर घालतो. मग आवाज येतो, ‘त्याच्या हातचं, तिच्यासाठी.’

“छान आहे,” नागोजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

सैपाकघराच्या दारात जयाबाई खरोखरच चहा घेऊन उभी होती. नागोजीला तेजस्वीचा कॉलेजातला निबंध आठवला. जाहिरातीतल्या बाईच्या हातात कायम कपबशी का, आणि पुरुषाच्या हातात कधीच केरसुणी का नाही, असं काहीबाही तिनं त्यात लिहिलं होतं. त्याला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा तिनं तो घरात मोठ्यानं वाचून दाखवला होता, आणि नागोजीनं तो भाकरी थापता थापता ऐकला होता.

शूटिंगच्या दिवशी सकाळपासून सोप्यात दिवे लागले. नागोजीला फेटा बांधला. जन्मात कधी त्यानं मागावर फेटा बांधला नव्हता, पण आरशात बघितल्यावर त्याला तो बरा वाटला. हे कबूल केलं पाहिजे. मिश्यांना कुणीतरी तेल लावलं. शेजारची गुणाबाई खिडकीतून बघून “अगं बया, नवरदेवच की!” म्हणून हसली, तेव्हा तोही हसला. ऋग्वेद कॅमेऱ्यातून बघत सारखा म्हणत होता, “काका, काय चेहरा आहे तुमचा. असंच. आता खाली बघा. आता काकूंकडे.”

जयाबाईनं चहा आणला, कौतुकानं बघितलं, घाम टिपला. घाम टिपताना ती हळूच म्हणाली, “मान सरळ ठेवा. फेटा माझ्याकडं यायलाय.”

चेहऱ्याचं काम झालं. मग ऋग्वेद म्हणाला, “आता फक्त हात. जोरात विणा, काका.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं नागोजीला वाटलं. त्यानं दोरी ओढली. आडवा धागा नेणारा धोटा अर्ध्यावर जाऊन अडकला. दुसऱ्यांदा तो पलीकडं गेला, पण फणी उशिरा बसली. तिसऱ्यांदा काठाचे धागे तटातट तुटले. जयाबाई भिंतीला टेकून उभी होती. धागा तुटला तसा तिचा हात आपोआप पुढं आला, आणि तिनं तो पदराखाली घेतला.

“काका जरा टेन्शनमध्ये आहेत,” ऋग्वेद समजुतीनं म्हणाला. “हातांसाठी दुसरं कुणी मिळेल का? जवळपास?”

“शेजारच्या भरमूमामाकडं पॉवरलूम हाय, त्याला हे जमणार न्हाय,” तेजस्वी म्हणाली. मग थोडं थांबून, नागोजीकडं न बघता, तिनं स्टुडिओतल्या भाषेत सांगितलं, “आईला येतं थोडंसं.”

थोडंसं. नागोजीनं फेटा उतरवून मांडीवर घेतला.

“अरे वा! मग प्रश्नच मिटला,” ऋग्वेद म्हणाला. “काकू, काकांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. आणि बांगड्या तेवढ्या काढा.”

“बांगड्या?”

“म्हणजे, हात काकांचे वाटायला हवेत ना. दोनच मिनिटं लागतील.”

सवाष्णीला नव्या बांगड्या भरताना कासारसुद्धा जुन्या एकदम सगळ्या उतरवत नाही. एखादी हातात ठेवतो, नव्या चढवतो, मग ती काढतो. मनगट उघडं पडू देत नाही. ऋग्वेदच्या घरी हे माहीत नसेल असं नाही, पण त्याचं लक्ष दिव्यांकडं होतं. जयाबाईनं आधी तेजस्वीकडं बघितलं, मग नागोजीकडं. नागोजी बोलेल म्हणून ती थोडी थांबलीही. तो मांडीवरचा फेटा गुंडाळत राहिला. मग ती साबण घ्यायला मोरीत गेली.

बांगड्यांचा आवाज सोप्यापर्यंत येत होता. तो एकदा थांबला आणि काहीतरी फरशीवर पडलं, तसा नागोजी उठला.

मोरीच्या कट्ट्यावर हिरव्या बांगड्यांची रास होती. जयाबाई फेसाळलेले हात पुढं धरून बसली होती. मनगटांवर बांगड्यांच्या जागी कातडी फिकट पडली होती. नागोजीनं इतक्या वर्षांत ते हात असे कधी बघितले नव्हते.

“एक वाढली,” ती म्हणाली. सवाष्णीची बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं.

“लागलं काय?”

“न्हाय.”

“मी सांगतो त्याला. जमणार न्हाय म्हणून सांगतो.”

“काय सांगणार? पोरीचं पैलं काम हाय. गप बसा.” तिनं हातांवर पाणी घेतलं. “खरं सांगू काय? मामंजी असताना उठायची, तवा काय वाटायचं न्हाय. म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणून उठायची. आज लई वाटलं.”

“कधी बोलली न्हाईस.”

“तुमी कधी इचारला न्हाईसा.”

नागोजी बाहेर गेला आणि रहाटावरच्या कांडीचा हिरवा रेशमी धागा काढून घेऊन आला. त्यानं तो दुमडून, पीळ देऊन, तिच्या दोन्ही मनगटांवर बांधला. रोज धागे सांधणारी बोटं ती, पण आज गाठ बसेना. जयाबाईनं ती दातांनी ओढून घट्ट केली.

“आता जावा,” ती म्हणाली. “मला शर्ट घालायचाय.”

धागा बघून ऋग्वेद म्हणाला, “चालेल, पुरुषही बांधतात.” मग माग सुरू झाला. नागोजी बाहेर पायरीवर जाऊन बसला. आपल्याच घरात आपलेच हात म्हणून चाललेलं काम त्याला बघवेना. भिंतीपलीकडून धोट्याचा आवाज येत होता, न अडखळता, एका लयीत. आत कुणीतरी “क्या बात है” म्हणालं.

तेजस्वी बाहेर आली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

“बाबा, रागावलासा?”

“हे तूच लिवलीस न्हवं?”

“व्हय.”

“आणि कॉलेजातलं ते? बाईच्या हातात कपबशीच का म्हणून लिवलेलीस ते?”

ती चप्पल मातीत घासत राहिली. लहानपणी मार खायच्या आधी असंच करायची.

“मालकांना असंच पायजे होतं. सगळ्यांना असंच पायजे असतंय,” ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज बदलला, घरातला झाला, इथल्या पोरी स्वतःला ‘आलो-गेलो’ म्हणतात तसा. “पण बाबा, मी काय नवं लिवलो? पाव्हणं आलं की आपल्या घरात हेच चालतंय की. तुमी खोकता, आई उठती, च्या घिऊन यिती. मी ल्हानपणापासनं बघतोय. बघितलेलं लिवलो.”

पोरीचं बोलणं खोटं असतं, तर नागोजीनं तिला दोन शब्द सुनावले असते.

दसऱ्याच्या आधी जाहिरात लागली. गल्लीतल्या बायका आणि पोरं टीव्हीपुढं जमली. फेट्यातला नागोजी आला तशा शिट्ट्या पडल्या. जयाबाई चहा घेऊन आली तशी गुणाबाई म्हणाली, “साडी खुलून दिसायल्या बघ.” मग पडदाभर हात आले. हिरवा धागा बांधलेली मनगटं, दोरी ओढणारी बोटं, फणीवर अलगद पडणारा तळवा. आवाज आला, ‘त्याच्या हातचं, तिच्यासाठी.’ ते हात कुणाचे आहेत, हे तिथल्या पोरासोरांनाही कळलं होतं. भरमू खाकरला, पाणी प्यायला उठला आणि हळूहळू सगळेच उठले.

बाहेरचे फोन मात्र सुरू झाले. पिरनवाडीहून चुलतभाऊ म्हणाला, “नागोजी, काय हात चालतोय रं तुझा! काकाचं नाव राखलास.” नागोजी हं हं करत राहिला. मालक खूश होते. दुकानावर मोठा बोर्ड लागणार होता, फेट्यातला नागोजी, खाली ‘विणकर नागोजी’ असं लिहिलेलं. मालक सत्काराला स्वतः घरी येणार होते.

“घ्या,” जयाबाई म्हणाली, “आता शाल पांघरून कांड्या भरा.” ती हसली. तिनं कासाराकडून नव्या बांगड्या भरून घेतल्या होत्या. पण त्यांच्या आत हिरवा धागा तसाच होता. नागोजीनं एक-दोनदा कात्री पुढं केली, तर ती “राहूद्या” एवढंच म्हणाली. रात्री ताटं काढताना, सकाळी माग सुरू करताना, तो धागा त्याला दिसत राहिला. घेणेकरी दारात बसावा तसा.

मालक आले ते दुपारी. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून ती तोंडाशीच थांबली. नागोजी दाराशी रहाट फिरवत होता, त्याला सगळं दिसत होतं. पुढं ऋग्वेद, मागं पांढऱ्या कपड्यांतले मालक, आणि शाल-नारळाची पिशवी घेतलेली तेजस्वी. गाडीचं दार वाजलं तसा जयाबाईचा हात थांबला. तिचं लक्ष खोकल्याकडं होतं.

खोकला आलाही. सवयीनं घशाशी येऊन उभा राहिला. जयाबाईनं तेवढ्यात एक पाय खड्ड्यातून वर काढला होता. नागोजीच्या डोळ्यांपुढून पोरीची नोकरी गेली, बोर्ड गेला, पिरनवाडीचा चुलतभाऊ गेला. त्यानं खोकला गिळला.

“बस,” तो म्हणाला.

“मालक यायल्यात न्हवं?”

“व्हय. तू बस. माझी कांडी भरून झाली न्हाय.”

“अवो, पोरीचं काम...”

“पोरीसाठीच म्हणतोय.”

ती तशीच राहिली, एक पाय आत, एक बाहेर. दारात बूट वाजले. मालक वाकून आत आले, मागाकडं बघून थबकले, आणि खाली बसलेल्या, फेटा नसलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, “नागोजीराव आहेत काय?”

“मीच की.”

मालकांनी त्याच्याकडं बघितलं, रहाटाकडं बघितलं, मग मागावरच्या बाईकडं. “आणि माग...?”

“विणणारी ही. लई वर्सांपासनं हीच. जाहिरातीतलं हात बी हिचंच,” नागोजी म्हणाला. “मी कांड्या भरतो.”

ऋग्वेदनं झटकन तेजस्वीकडं मान वळवली. ती उंबऱ्यात एक चप्पल पायात, एक काढलेली, अशी उभी होती. जयाबाई खाली मान घालून काठावरचा धागा उगीचच बोटानं सारखा करत होती.

“अय्यो,” मालक म्हणाले. “आणि बोर्डावर लिहिलंय ते?”

“ते तुमी बघा.”

“मग शाल कुणाला घालायची?”

“तिलाच घाला की. जरा बसा मातर. काठाचं काम मधीच सोडता येत न्हाय तिला.” नागोजीनं भरलेली कांडी जयाबाईच्या हाताशी ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. “तवर च्या ठेवतो मी.”

तेजस्वी एकदम पुढं आली. “मी ठेवतो, बाबा.” सगळ्यांसमोर ती घरातलं बोलली.

“नगं,” नागोजी म्हणाला. “तू हितंच बस. नीट बघ.”

तो आत गेला. त्यानं गॅस पेटवला, पाणी ठेवलं, आणि साखरेचा डबा हातात घेऊन कान देऊन उभा राहिला. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बांगड्या किणकिणल्या, धोटा एकदा पलीकडं गेला, आणि थोड्या वेळानं परत आला.